शेजारी बघून कापायचं

आमच्या वन्सं माणसं मार खाताना बघत जेवायच्या. डबा मांडीवर, एक हात डब्यात, दुसरा बटणावर, आणि समोरच्या पडद्यावर कुणाचं तरी नाक फुटतंय. घास कधी अडकला नाही त्यांचा. लग्न होऊन मी नवीनच होते, घरी राहिलेली किल्ली द्यायला त्यांच्या ऑफिसात गेले आणि हे बघितलं. म्हटलं, बाई आहे की कोण आहे ही? पुढे कळलं, काळीज घट्ट वगैरे काही नाही. खुर्ची सोडली की काम तुंबायचं, तुंबलं की साहेब बोलायचे, म्हणून जेवण तिथंच.

मी तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते. ज्यांनी वन्संना फक्त फोनवरच्या त्या एका तुकड्यात पाहिलंय, त्यांनी माझ्यासमोर त्यांच्याबद्दल तोंड उघडू नये. परवा माझ्या शिवणाच्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणाली, तुमची नणंद म्हणजे बाई डेंजर. तिची पँट मी तशीच परत केली, उंची न कमी करता. जा म्हटलं, घाल लोंबती.

सासूबाई लवकर गेल्या. मागे तीन लेकरं. वन्सं सगळ्यात मोठ्या, मधले आमचे हे, आणि शेंडेफळ म्हणजे भाऊजी, ज्यांना वन्सं बारक्या म्हणायच्या. बारक्या म्हणे! दाराच्या चौकटीला डोकं लागायचं त्यांचं. फर्निचर वाहायचं काम करायचे, एकट्याने फ्रीज पाठीवर घेऊन जिना चढायचे. पण वन्संच्या लेखी ते अजून न्हाऊ घालायच्या वयाचे. त्यांच्यापायी वन्संचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. तक्रार कधी ऐकली नाही. बारक्या जेवला का, बारक्या आला का, एवढंच.

वन्संचं काम समजायला सोपं होतं, करायला नव्हतं. त्यांच्या कंपनीचं लाइव्ह दाखवायचं ॲप. कुणीही उठावं, फोन समोर धरावा आणि सुरू व्हावं. कुणी गातंय, कुणी केस कापतंय, कुणी नुसतंच बसून रडतंय. वन्संसमोर अशा चौकटी मांडलेल्या, आणि बघणाऱ्या कुणी तक्रार केली की त्या चौकटीला लाल कड यायची. लाल आलं की ठरवायचं. इशारा द्यायचा, आवाज बंद करायचा, की कापायचं. कापलं की तिकडचा माणूस काळ्या पडद्यात गुडूप. वन्सं माणसांकडे कमी आणि मागच्या भिंतीकडे जास्त बघायच्या. भिंतीवरून कळतं म्हणायच्या, हे घर आहे का दुकान, दार बंद आहे का उघडं, आत आणखी कोण आहे. बोलता बोलता सांगायच्या, वहिनी, आज तुमच्या दुकानाच्या गल्लीतली पाण्याची टाकी दिसली. मी हसायचे. माझ्या गल्लीतलं मला दिसत नाही आणि यांना ऑफिसात बसून दिसतं.

त्यांच्या कंपनीचं नाव चांगलं होतं. घरात सगळ्यांसमोर लावता येईल असं ॲप, अशी ख्याती. मग दुसरी कंपनी आली. तिकडे काहीच कापत नाहीत म्हणे. झालं, माणसं धावली. इकडच्याला लोक बालवाडी म्हणायला लागले. वन्सं कुणाला कापायच्या आणि तो मेला लगेच तिकडे जाऊन बोंब ठोकायचा की त्या भित्र्यांनी मला हाकललं, इथे या, इथे सगळं दिसतं. त्याच्यामागे बघणारेही जायचे.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी प्रत्येक टेबलावर दुसरा पडदा बसवला. त्यावर दुसऱ्या कंपनीचं ॲप कायम चालू. त्याला ऑफिसात शेजारी म्हणायचे. नियम असा निघाला की मारामारी दोन्हीकडे चालू असेल, तर शेजारी बघून कापायचं. शेजाऱ्याने कापलं की आपण कापायचं. तोपर्यंत इशारा द्या, आवाज बंद करा, काय वाट्टेल ते करा, पण चित्र चालू ठेवा. कागदावर कुठेही लिहिलं नाही हे. खुर्चीमागे उभं राहून सांगितलं.

एकदा एका गच्चीवर दोघं बाटल्या घेऊन भिडले. दोन्हीकडे लाइव्ह. वन्संचं बोट बटणावर, नजर शेजाऱ्यावर. शेजारी चालू. बाटली फुटली, शेजारी चालू. फुटकी बाटली त्या माणसाच्या तोंडात घुसवली आणि फिरवली, शेजारी चालूच. मग तो माणूस दोन्ही हात डोळ्यावर दाबून गुडघ्यावर बसला, बोटांतून जे यायला लागलं ते बघून वन्संनी शेवटी नियम मोडून कापलं. त्याच क्षणी शेजारीही काळा झाला. त्या माणसाचा डोळा गेला.

पुढे त्यांना चष्मेवाली भेटली. ही पूर्वी त्यांच्याच बाजूच्या खुर्चीवर बसायची, सोयीच्या पाळीसाठी त्या दुसऱ्या कंपनीत गेली होती. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून हे नाव. वन्संनी तिला चांगलंच फैलावर घेतलं, की तू समोर बसून हे बघत होतीस आणि बोट उचललं नाहीस? ती म्हणाली, ताई, आम्हालाही तोच नियम आहे, मी तुमच्याकडे बघत होते.

वन्संनी हे मला ओट्याशी उभं राहून सांगितलं. दोघी एकमेकींची वाट बघत बसलेल्या, आणि मध्ये एका माणसाचा डोळा जातोय. त्या दिवशी डबा भरलेला परत आला. मला इतका संताप आला की मी म्हटलं, सोडा ती नोकरी, माझ्या दुकानात बसा, झिपा लावा. त्या म्हणाल्या, मी सोडली तर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल, आणि ते शेजारी बघूनच कापेल.

मग त्या दोघींनी आपसात एक युक्ती काढली. मिस्ड कॉल. एकीने दुसरीला वाजवायचा, आणि वाजला की दोघींनी एकदम कापायचं. दोन्हीकडे एकदम काळोख झाला की गर्दीला पळायला जागा नाही, आणि दोन्ही साहेबांना सांगायला मोकळं, की शेजाऱ्याने कापलं म्हणून कापलं. कितीतरी वेळा जमलं हे. बघणारे गेले की मारणाऱ्याचाही हात खाली येतो, वन्सं सांगायच्या. निम्मे लोक नुसते बघणाऱ्यांसाठीच मारतात.

आता भाऊजींचं ऐका. या मारामाऱ्यांचा धंदा करणारा एक माणूस होता, मुकादम म्हणायचे त्याला. रिकामं गोदाम बघायचा, दोन दांडगे उभे करायचा आणि फोनवर लाइव्ह लावून द्यायचा. बघणारे पडद्यावर चित्रं पाठवायचे, आणि चित्राप्रमाणे मार ठरलेला. ज्वाळेचं चित्र आलं की डोक्याने मारायचं, बुटाचं आलं की पडलेल्याला लाथ. भाऊजी त्याच्या हाती लागले. फ्रीज वाहणाऱ्या माणसाला कुणी टाळ्या वाजवत नाही. इथे हजारो लोक त्यांना हातोडा म्हणायला लागले, आणि हातोड्याचे पाय जमिनीला लागेनात.

सुरुवातीला ते वन्संच्याच कंपनीच्या ॲपवर लढायचे. रक्ताचा पहिला थेंब दिसला की वन्सं कापायच्या. भावाच्या बाबतीत शेजारीबिजारी काही नाही, सरळ कापायच्या. भाऊजी घरी येऊन आकाशपाताळ एक करायचे. ताई, तू माझ्या पोटावर पाय देतेस, म्हणायचे. मी म्हटलं, अहो भाऊजी, तुमच्या पोटावर तो दुसरा माणूस पाय देतोय, ताई नाही. माझ्याकडे असं बघितलं की ह्यांनी मला आत जायला सांगितलं. मी गेले नाही.

मग ते शेजाऱ्याकडे गेले. तिकडे वन्संचं बटण चालत नव्हतं. वन्सं दुसऱ्या पडद्यावर भावाला मार खाताना बघायच्या आणि फार झालं की चष्मेवालीला मिस्ड कॉल द्यायच्या. एकदा भाऊजी बरगडी मोडून आणि दोन दात घालवून घरी आले. वन्संनी त्यांचा फोन घेऊन धान्याच्या डब्यात लपवला. भाऊजींनी त्यांचं मनगट धरलं आणि पिळलं. आणखी पिळलं. काहीतरी कट्‌कन वाजलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने डब्याकडे बोट दाखवलं. सुजलेला हात घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, आणि मी शिव्या द्यायला लागले तर मलाच म्हणाल्या, वहिनी, त्याला आतून लागलंय, म्हणून असं करतो. मी कपाळावर हात मारून घेतला. मनगट कुणाचं मोडलं आणि लागलं कुणाला!

त्यांना एकच भीती होती, उघड बोलायच्या. एक दिवस बारक्या माझ्यासमोर मरेल आणि मी शेजारी बघत बसेन.

तो मोठा सामना त्यानंतर ठरला. इकडच्या ॲपवर एक गवंडी नावारूपाला आला होता. खरोखरचा गवंडी, ठेंगणा, सिमेंटने सोललेले रुंद हात. तिकडे आमचा हातोडा. मुकादमाने दोघांना समोरासमोर आणायचं ठरवलं आणि दोन्ही कंपन्यांनी आपल्या पहिल्या पानावर लावलं. आम्ही भरवला नाही, आम्ही फक्त दाखवतो, असं वर म्हणायचं. इकडचे लोक गवंड्याच्या बाजूचे, तिकडचे हातोड्याच्या. त्या दिवशी साहेब वन्संच्या खुर्चीमागेच येऊन उभे राहिले. म्हणाले, आज जो आधी कापेल त्याची गर्दी गेली, आणि आज गेलेली परत येणार नाही. भाऊ आहे म्हणून वन्संना उठवायला हवं होतं खरं. पण साहेबांना ठाऊकच नव्हतं. वन्संनी ऑफिसात कधी सांगितलं नव्हतं की हातोडा माझा भाऊ आहे. सांगितलं असतं तर ती चौकट दुसऱ्या कुणाकडे गेली असती.

भर दुपारी सुरू झालं. भाऊजींनी आल्या आल्या गवंड्याचं नाक फोडलं. रक्त गवंड्याच्या दातांवर आलं, त्याने ते थुंकून टाकलं आणि तसाच पुढे आला. ज्वाळा आल्या. गवंड्याने खालून डोकं वर हाणलं आणि भाऊजींचा जबडा एका बाजूला सरकला. तोंड मिटेना. तरी भाऊजींनी दोन्ही हात उचलून त्याच्या पाठीवर घातले, गवंडी वाकला, मग त्याने पुन्हा डोकं हाणलं, पुन्हा त्याच जागी. भाऊजी पडले. बुटांची चित्रं यायला लागली.

वन्संनी मांडीवरच्या फोनवरून चष्मेवालीला वाजवलं आणि कापलं.

इकडे काळोख झाला. शेजारी चालूच राहिला. वन्सं बघत राहिल्या, आता जाईल, आता जाईल. नाही गेला. वर बघणाऱ्यांचा आकडा फुगायला लागला, कारण इकडची सगळी गर्दी तिकडे गेली, आणि ती गवंड्याची गर्दी होती, चिडलेली, खेळ मध्येच बंद केला म्हणून. त्यांनी पडदा भरून बूट पाठवले. गवंड्याने भाऊजींच्या बरगडीत लाथ घातली, त्याच मोडलेल्या. मग पोटात. भाऊजी लाथ लागली की नुसते हलायचे, हात वर करायचे नाहीत. साहेबांनी वन्संच्या खुर्चीची पाठ धरून खुर्ची मागे ओढली आणि काय काय बोलले. वन्संनी काही ऐकलं नाही. त्या मागची भिंत बघत होत्या, अर्धी निळी, अर्धी तशीच, आणि वरच्या खिडकीतून आमच्या गल्लीतली ती पाण्याची टाकी.

मी दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत होते. फोन वाजला.

"वहिनी, रंगाचं गोदाम, तुमच्या दुकानामागचं. बारक्या आत आहे. पळा."

मी तशीच पळाले, गळ्यात टेप, पायात एकच चप्पल. गोदामाच्या दारात मुकादमाचे दोन आडदांड. मी सांगितलं, माझा दीर आहे आत. ते हसले. मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या, तरी हसले. आतून लोकांचा आरडाओरडा येत होता आणि मधून एक आवाज येत होता, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मी एकाच्या हाताला चावले. त्याने माझे केस धरून माझं कपाळ दाराच्या कडीवर आपटलं. डोळ्यापुढे काजवे चमकले, रक्त भुवईवरून डोळ्यात आलं, आणि खरं सांगते, मी त्याच्या हाताला आणखी जोरात चावले.

तेवढ्यात टॅक्सी आली. वन्सं सगळा रस्ता फोनवर तेच बघत आल्या होत्या. उतरताना त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. एवढीच चूक झाली बघा. ज्या बाईने वर्षानुवर्षं शेजाऱ्यावरची नजर हटवली नाही, तिने त्या वेळी हटवली, कारण तिची खात्री झाली होती की शेजारी आता काही कापत नाही. माझ्याशी झटापट चालली होती म्हणून दार मोकळं होतं. वन्सं आत गेल्या. माझे केस सुटले तशी मीही मागोमाग गेले.

आत आवाज उतरला होता. स्टुलावर उभा राहून फोन धरणारा मुलगा ओरडून सांगत होता की गेलं, दोन्हीकडचं बंद झालं. मुकादम त्याला आईवरून शिव्या घालत होता. लोक पांगायला लागले होते, कुणी खिशात हात घालत होतं, कुणी जांभई देत होतं. आणि मधोमध गवंडी भाऊजींच्या अंगावरून उठला होता. त्याचं नाक कुठे आहे ते कळत नव्हतं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, भाऊजींवर वाकला आणि हात पुढे केला.

"ऊठ रे," तो म्हणाला. "संपलं."

मी दारातून बघितलं. भाऊजींचा हातही वर यायला लागला होता.

वन्सं मागच्या बाजूने आल्या होत्या. त्यांना भावावर वाकलेली एक पाठ दिसली. बाजूच्या फळीवर रंगाचे भरलेले डबे. त्यांनी कडीला धरून एक ओढला आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला. डबा गवंड्याच्या कानामागे बसला. तो आवाज मी सांगणार नाही. गवंडी भाऊजींवरच पडला. झाकण उडालं, पांढरा रंग दोघांच्या अंगावर गेला. मी ओरडले, वन्सं, संपलंय, थांबा. त्यांनी पुन्हा डबा उचलला आणि पडलेल्याच्या डोक्यात घातला. मग पुन्हा. पांढऱ्यात लाल मिसळलं. गवंड्याचा पाय जमिनीवर घासला आणि थांबला.

आणि जे लोक पांगायला निघाले होते, ते सगळे परत फिरले. सगळ्यांचे फोन वर आले. एकानेही पुढे येऊन त्या बाईचा हात धरला नाही. मी धरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, बघा ना वहिनी, बारक्या श्वास घेतोय का. घेत होता. त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं.

गवंडी दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

चष्मेवाली नंतर घरी येऊन रडली. तिचेही साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते, म्हणाली, फोन खणात वाजत होता आणि हात हलवायची सोय नव्हती. ते पाणी प्यायला गेले तेव्हा तिने कापलं. कापलं तर होतंच तिने. वन्सं त्याच वेळी टॅक्सीतून उतरत असणार. मी तिला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. तिचा दोष नाही हे मला कळतं. कळतं म्हणून राग जातो थोडाच?

कंपन्यांचं पुढे फार छान झालं. शेजाऱ्यांनी जाहीर केलं की आम्ही वेळेवर कापलं, त्यानंतर जे घडलं ते आमच्याकडे दिसलं नाही. आता तेच घरात सगळ्यांसमोर लावायचं ॲप झालंय. वन्संच्या कंपनीने सांगितलं की संबंधित बाई कामाची जागा सोडून गेली होती, आणि भावाचं नातं तिने लपवलं होतं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. साहेब कोर्टात आले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, तो नियम सांगणार का आत? त्यांनी विचारलं, कुठला नियम? गवंड्याच्या बाजूच्या लोकांनी फोनवर घेऊन पसरवलेला तो तुकडा मात्र दोन्हीकडे महिनोन्‌महिने फिरला. पांढऱ्या रंगात उभी असलेली बाई, डबा उचललेला. त्याला कुणी लाल कड लावली नसावी.

गवंड्याची आई रोज कोर्टात यायची. एकटी बसायची. निकालाच्या दिवशी तिने वन्संना एवढंच विचारलं, तो काही बोलला का शेवटी. वन्संनी माझ्याकडे बघितलं. बोलला होता, आणि काय बोलला ते मला माहीत होतं. संपलं म्हणाला होता. मी फटकळ बाई, पण ते माझ्या तोंडून निघालं नाही.

तुरुंगात भेटायला जाते तेव्हा वन्सं स्वतःचं काही सांगत नाहीत. बारक्याचा जबडा सांधला का, चावून खातो का, बरगडी दुखते का. मागच्या खेपेला जाळीला बोटं लावून म्हणाल्या, वहिनी, माझं झालं ते झालं. तो जिवंत आहे ना, मला पोचलं सगळं. फक्त त्याला पुन्हा त्या फोनसमोर बसू देऊ नका. मी शब्द दिला.

घरी आले. वन्संच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून भाऊजींचा आवाज. सांधलेल्या जबड्यामुळे आता जरा फेंगडं बोलतात. मी दार उघडलं. वन्संच्या पलंगावर बसले होते, समोर फोन उभा केलेला, आणि सांगत होते, माझी ताई कशी आली, तिने डबा कसा उचलला, किती वेळा मारला. हाताने करून दाखवत होते. वन्संचंच ॲप. घसरलेलं नाव सावरायला कंपनीने त्यांना बोलावून घेतलं होतं. भावाच्या जिवासाठी बहिणीने काय केलं, रोज संध्याकाळी, लाइव्ह.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर मी त्यांना अहोजाहोच केलं होतं.

"अरे मेल्या, ती तिथे सडतेय तुझ्यासाठी," मी म्हटलं आणि कानशिलात लगावली. त्याच जबड्यावर लागली. भाऊजी कळवळले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता उठतील, माझंही मनगट धरतील, आणि मला तेच हवं होतं. पण ते उठले नाहीत. त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, फोनकडे होते. तिथे काहीतरी भराभर वर सरकत होतं, ज्वाळा, बूट, आणि एक नवीन चित्र, उघड्या पंजाचं. पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी ते वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, ओठ फारसे न हलवता, "आणखी एक मारा. जरा जोरात."

आणि मी मारली. ती थोबाडीत बसली, मग आणखी मारली. हातात वन्संच्या उशाशी असलेला पाण्याचा तांब्या कधी आला ते मला माहीत नाही. हे धावत आले, त्यांनी मला मागून कवेत धरून बाहेर ओढलं, आणि ओढताना मी बघितलं की भाऊजींनी एका हाताने रक्त पुसत दुसऱ्या हाताने फोन माझ्याकडे वळवला होता.